पाहुणे जेवले

शहापूरला आमच्या घरात समुद्राच्या पाण्याची चार फुटी काचेची टाकी आहे. हे ऐकून लोक आधी हसत आणि मग बायकोला विचारत, "तुम्ही किनाऱ्याकडच्या का?" ती म्हणे, "छे हो, मी मुरबाडकडची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत. होडीत बसले आणि पाच मिनिटांत ओकले."

मुरबाडच्या एका कॉलेजात ती प्रयोगशाळा परिचर होती. जीवशास्त्राच्या कपाटातल्या फॉर्मॅलिनच्या बाटल्या दर महिन्याला उतरवून पुसायच्या, झाकणं पाहायची आणि पुन्हा क्रमाने लावायच्या, हे तिचं काम. त्यांत पांढरे पडलेले मासे असत. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना एक दिवस ती जेवताना म्हणाली, "पंचवीस वर्षं मेलेले मासे पुसले. आता एक तरी खाताना बघू दे." मी पुस्तकातून मान वर न काढता "बघ की" म्हणालो. त्या "बघ की"मधून ही टाकी आली.

टाकीत एकच मासा, लायनफिश. वीतभर लांबीचा, अंगावर तांबूस-तपकिरी पट्टे, दोन्ही बाजूंना पंख्यासारखे पसरलेले पर आणि पाठीवर काटे. त्या काट्यांत विष असतं, म्हणून हात घालायचा नाही. त्याच्या खाण्याचे नखरे फार. सुकं खाणं त्याला चालत नसे, मेलेलं चालत नसे. समोर हलणारी, जिवंत कोळंबी हवी, आणि तीही त्याच्या मनात असेल तेव्हा. बायको त्याला "पाहुणे" म्हणायची. "घरात येऊन बसलेत, काम काही करत नाहीत आणि पानातलं सगळं चालतं असंही नाही. पाहुणेच नाहीत तर काय."

मी शाळेत ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतरही माझा दिवस खुर्ची आणि पुस्तक यांच्यामध्येच जाई. टाकी बैठकीच्या खोलीत आली तेव्हा तिच्या दिव्याचा उजेड पानावर चमकू लागला, म्हणून मी खुर्ची फिरवून घेतली. त्या दिवसापासून सहा वर्षं टाकी माझ्या पाठीमागे होती.

त्यामुळे माशाला खाताना मी कधी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. कॉलेज सकाळचं असे; मंगळवारी ती दुपारी तासभर उशिरा घरी येई. निवृत्तीनंतरही मंगळवारची मुरबाडची फेरी तिने सोडली नाही. आली की तिच्या पिशवीला ओल्या पाल्याचा वास असे. मग बराच वेळ स्वयंपाकघराच्या खिडकीशी चमचा वाटीला लागल्याचा आवाज, मध्ये मोठी शांतता, पुन्हा चमचा. दिवेलागणीला स्टूल सरकवल्याचा आवाज येई, मग टक्, टक्. मग काहीच नाही. आणि थोड्या वेळाने ती म्हणे, "पाहुणे जेवले."

मी म्हणे, "हं."

दसरा झाला आणि तिला ताप आला. साधा वाटला, पण उतरेना. कल्याणच्या दवाखान्यात सहा दिवस काढले. मी रात्री तिथे बाकावर झोपे आणि दुपारी दोन तासांसाठी घरी येऊन आंघोळ करून परत जाई. टाकीकडे बघत असे. मासा दगडाच्या कपारीत असे. आपण काय करायचं असतं हे मला माहीत नव्हतं, आणि तिला विचारावं तर तिच्या अंगात त्राण नव्हतं. चौथ्या दिवशी ताप थोडा उतरला. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "पाहुणे?"

"जेवले," मी म्हणालो.

"किती खाल्ल्या?"

"दोन."

"दोन पुरे," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

नंतर आमचं बोलणं झालं, पण ते पाणी हवंय का, उशी वर घेऊ का, असंच. एकमेकांशी असं शेवटचं बोललो ते हेच, आणि त्यातलं माझं खोटं होतं.

ती गेल्यावर थोरल्या वहिनी गावाहून आल्या आणि तेरा दिवस राहिल्या. त्यांनी घर हातात घेतलं, म्हणून मी उभा राहिलो, हे मी विसरत नाही. तिसऱ्या दिवशी मी चाचरत म्हणालो, "वहिनी, माशाला काहीतरी आणायला हवं. तो जिवंतच खातो."

वहिनींनी हातातलं सूप खाली ठेवलं. "भावोजी, तुमी शिकलेली मानसं. घरात सुतक, नि तुमी जित्ता जीव मारायला घरात आननार? तेरा दिवस आपुन फोडनीबिगर खातो ना? त्याला बी कळंल."

सुतक-विटाळावर सडेतोड लिहिलेली पुस्तकं मुलांच्या हातात काढून देणारा माणूस मी. एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. खरं सांगायचं तर वाद घालायचा नव्हता म्हणून नाही. कोणीतरी माझ्यासाठी ठरवतंय, हे बरं वाटत होतं.

पाचव्या दिवशी दुपारी मी आतून बाहेर आलो, तर वहिनी टाकीचं झाकण उघडून उभ्या होत्या. रोज जेवणाआधी त्या गेलेल्या माणसाचं पान काढून मागच्या अंगणात ठेवत. त्या दिवशी त्या पानातला दहीभाताचा एक घास त्यांनी बाजूला काढला होता आणि तो चिमटीचिमटीने पाण्यात सोडत होत्या. मला पाहून दचकल्या नाहीत. डोळे पुसत म्हणाल्या, "तिचाच जीव ना ह्याच्यात. आमच्या तळ्यातले मासे खातात की भात."

भाताची शितं टाकीच्या प्रवाहात गरगरली, दगडांच्या फटीत जाऊन बसली. दोन दिवसांनी पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं आणि आंबूस वास सुटला. तेव्हा मात्र मी तिच्या कपाटातून बादली काढली. बादलीच्या आत तिने नेलपॉलिशची लाल रेघ मारली होती, तिथवर पाणी. मिठाच्या पिशवीत एक प्लॅस्टिकचा पेला होता, त्यावरही रेघ. खारटपणा मोजायची नळी होती, तिच्यावर तिसरी. कुठे काय थांबवायचं हे तिने सगळीकडे त्याच लाल रंगाने लिहून ठेवलं होतं, आणि तो रंग मी तिच्या नखांवर एकदाही पाहिला नव्हता. चार दिवस रोज थोडं पाणी काढत आणि थोडं घालत राहिलो. पाणी निवळलं. मासा कपारीतच होता. पोट आत गेलं होतं.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. वहिनी म्हणाल्या, "बगा, हिची काय इच्छा राह्यली नाय. समाधानानं गेली." मी मान हलवली. कावळा जेवला होता.

तेराव्यानंतर माणसं आपापल्या गावी गेली. घरात पंपाची घरघर तेवढी राहिली. ती इतकी वर्षं होतीच, पण तेव्हा ती कशाच्या तरी खाली असे. आता तिच्यावर काही नव्हतं.

मी बाजारातून कोळंबी आणली, सोलली, लांब काडीला टोचून माशासमोर हलवली. त्याने एक डोळा फिरवून काडीकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे. तीन दिवस हेच झालं. हे मासे बरेच दिवस उपाशी राहू शकतात असं मी वाचलं होतं. पण वाचलेल्यावर भरवसा ठेवायची माझी सवय त्या दिवसांत मोडली होती. मासा मेला असता तर जगाचं काही बिघडलं नसतं, हे मला कळत होतं. फक्त दवाखान्यात मी जे बोललो ते कायमचं खोटं राहिलं असतं. तो जगला आणि त्याने खाल्लं, तर निदान ते उशिरा खरं होणार होतं.

पुढच्या मंगळवारी मी मुरबाडची एसटी धरली. कुठे उतरायचं माहीत नव्हतं. दोन्हीकडे भाताची कापणी चालली होती. एका लहान पुलाच्या कठड्याला टेकून तीन-चार बायका सागाच्या पानांवर वाटे मांडून बसलेल्या दिसल्या, तिथे मी उतरलो. डोंगराकडच्या पाड्यावरच्या बायका. कुणाकडे कंद, कुणाकडे खेकडे. कडेच्या एका वयस्कर बाईकडे ओढ्यातली बारीक कोळंबी होती.

"जिवंत मिळेल का?" मी विचारलं.

"जिती?" तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जितीचं काय करतोस रे दादा? तव्यावर उडतंय ती."

शेजारची खेकडेवाली म्हणाली, "मास्तर दिसतोय. शाळंत नाचवाया नेत असंल." सगळ्या हसल्या.

"माशाला घालायची आहे," मी म्हणालो.

कोळंबीवालीचं हसू थांबलं. "मंगळवारची बाई... चष्मेवाली. ती तुझी कोण?"

"बायको."

"मंग ती कुठं हाय? लय दिस झालं नाय आली. मी तिचा वाटा काढून ठेवतंय. सांज झाली का आमीच खातो."

मी तिला सांगितलं. सांगताना लक्षात आलं की हे वाक्य मी अजून उच्चारलंच नव्हतं. शहापुरात सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. तोंडाने सांगावं लागलेलं हे पहिलंच माणूस.

"आगो बाय," ती म्हणाली. पाण्याच्या डेचकीत हात घालून चळवळणाऱ्या कोळंब्या निवडू लागली. मी पिशवीतून प्लॅस्टिकची थैली काढली तशी खेकसली, "त्यात? घुसमटून मरतील ना! ती डबा आनायची. खाली ओला पाला, मंग कोळंबी, वर पाला. पानी नाय." माझ्याकडे डबा नव्हता. तिने सागाच्या दोन मोठ्या पानांत ओलं गवत घालून पुडा बांधला आणि मला म्हणाली, "हालवू नको. नि झोपू नको गाडीत."

मी झोपलो नाही. घरी पोचलो तेव्हा पुड्यात हालचाल होती. आनंदाने मी तो तसाच टाकीत उलटा केला. कोळंब्या एकदा ताठ झाल्या, दोनदा झटके दिले आणि पांढुरक्या होऊन तळाला गेल्या. मिनिटाभरात सगळं संपलं. मासा कपारीतून बाहेरसुद्धा आला नाही.

दुसऱ्या मंगळवारी मी पुलावर डबा घेऊन गेलो. झालेलं सांगितलं तेव्हा म्हातारीने कपाळावर हात मारला.

"गोड्या पान्यातली एकदम खाऱ्यात टाकलीस? तुला कुनी मिठाच्या पिंपात टाकला तर?"

"मला माहीत नव्हतं."

"तुझी बाई सांगायची ना मला. वाटीत घेते, चमचा चमचा खारं पानी घालते, दुपारभर बसते. मी म्हनायची, तुला घरात काम नाय का गो? ती म्हनायची, हाय की, पन ते ऱ्हातंय." मग माझ्याकडे जरा रोखून पाहत म्हणाली, "तू घरीच असायचास ना तवा?"

"घरीच असायचो," मी म्हणालो.



ती वाटी मला ठाऊक होती. स्टीलची, काठाला लाल दोरा बांधलेली, म्हणजे ती जेवणात कुणी घेऊ नये. वहिनींनी तिच्यात लिंबाचं लोणचं काढून ठेवलं होतं. दोरा तसाच होता. मी लोणचं दुसरीकडे काढलं, वाटी पुन्हा पुन्हा धुतली आणि खिडकीशी बसलो. कोळंब्या, ओढ्याचं थोडं पाणी, आणि थोड्या थोड्या वेळाने टाकीतल्या पाण्याचा एक चमचा. चमचा वाटीला लागला आणि तो आवाज आला. माझा हात थांबला. सहा वर्षं हा आवाज ऐकून मला वाटे, ती चहा ढवळते आहे. तीन तास कोणी चहा ढवळतं का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

संध्याकाळी कोळंब्या वाटीत जिवंत होत्या. टाकीत सोडल्यावरही जिवंत राहिल्या. पण पंपाच्या झोताने त्या सरळ मागच्या दगडांपलीकडे फेकल्या गेल्या, एक-दोन गाळणीच्या जाळीला चिकटल्या. मासा दिव्याच्या झगझगीत उजेडात कपारीच्या तोंडाशी आला आणि परत मागे सरला. मी बराच वेळ काचेला नाक लावून उभा होतो. मग खुर्चीत येऊन बसलो, नेहमीसारखा टाकीकडे पाठ करून, आणि जे हाताला लागलं ते पुस्तक उघडलं. वाचत नव्हतो. ओळींवरून डोळे फिरवत होतो, एवढंच.

सहाच्या सुमाराला वीज गेली.

आमच्याकडे वीज जाणं यात नवल काही नाही. पंप थांबला, दिवा विझला. खोलीत अगदी काहीच नाही असं झालं. आणि त्या शांततेत मी पुस्तकातून मान वर केली आणि वाट पाहू लागलो. कशाची, ते मला लगेच कळलं नाही. मान आपोआप वर झाली होती. सहा वर्षं दर मंगळवारी दिवेलागणीला टक्, टक् असा आवाज व्हायचा, हीच शांतता व्हायची, आणि मग दोन शब्द यायचे. मी त्या शब्दांची वाट पाहत होतो.

दोन बटणं. एक दिव्याचं आणि एक पंपाचं; ती दोन्ही बंद करायची.

मी खुर्चीतून वळलो. खिडकीतून करडा उजेड येत होता, तेवढाच. पाणी अगदी स्थिर होतं. दगडांमागून दोन कोळंब्या हळूच पुढे आल्या होत्या आणि वाळूवर पायांनी चाचपत होत्या. मासा कपारीच्या बाहेर होता. त्याने दोन्ही पर पूर्ण पसरले होते, दारात कोणी हात पसरून उभं राहावं तसे, आणि तो इतका हळू पुढे सरकत होता की तो सरकतोय हे मागचा दगड थोडा अधिक दिसू लागल्यावरच कळे. कोळंबी कोपऱ्याकडे गेली. त्याने एक पर थोडा आत घेतला. ती दुसऱ्या बाजूला वळली, तिथे दुसरा पर होता. मला स्टूल सापडलं नाही, मी जमिनीवरच बसलो. मग "टप्" असा बारीक आवाज झाला आणि कोळंबी तिथे नव्हती. मी काहीच पाहिलं नाही असं वाटावं इतक्या लवकर. दुसरीला जास्त वेळ लागला. त्याने घाई केली नाही, मीही केली नाही.

बाटल्या पुसून पुसून तिला हे एकदा पाहायचं होतं, आणि तिने ते सहा वर्षं दर मंगळवारी पाहिलं. माझ्यापासून पाच पावलांवर.

"पाहुणे जेवले," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. मग लगेच, "दोन खाल्ल्या," असंही म्हणालो. घरात "हं" म्हणायला कोणी नव्हतं. "हं" म्हणणं हे माझंच काम होतं आणि ते मला दोन्हीकडून करता येईना.

वीज आली नाही. सात वाजले. आता पंप बंद राहिला तर पाण्यातली हवा कमी होत जाणार, हे मला कळत होतं, पण त्यावर काय करायचं हे ठाऊक नव्हतं. आणि तेव्हा मला आणखी एक आवाज आठवला. वीज गेली की बाहेरच्या खोलीत पाणी ओतल्याचा आवाज येई. तांब्या बुडवल्याचा, मग उंचावरून धार पडल्याचा, मग पुन्हा बुडवल्याचा. वीज जाताच मी कंदील घेऊन आतल्या खोलीत जाऊन वाचत बसे आणि तिथून ओरडे, "अगं, अंधारात पाणी कसलं ओततेस?" ती म्हणे, "जरा."

मी आतून तांब्या आणला. तो आधी साध्या पाण्याने नीट खंगाळून घेतला. काट्यांपासून हात दूर ठेवत टाकीत बुडवला, भरला आणि हातभर उंचीवरून परत टाकीत ओतला. पाण्यात बुडबुडे गेले. पुन्हा बुडवला. मासा पर मिटून कपारीत जाऊन बसला होता, पोट भरल्यासारखा. हात दुखू लागला की दुसऱ्या हाताने. खारं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. शेजारच्या घरातून कोणी तरी विचारलं, "मास्तर, काय चाललंय हो अंधारात?"

"जरा," मी म्हणालो.

आठ वाजता वीज आली तेव्हाही मी ओततच होतो.